मुशीत टाकण्याआधी : जुन्या धातूंविषयी शंका-समाधान

या खेपेच्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आला आहे. मोडीत, जुन्या बाजारात, घरच्या माळ्यावर किंवा शेतात सापडलेला धातू नेमका कोणता, आणि तो वितळवून ओतायला घ्यावा का? सारख्या शंकांची पत्रे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण इथे अंदाज चुकला तर पैसे जातात, कधी तब्येत जाते आणि कधी पुन्हा न मिळणारी वस्तू जाते.

“माझा चुलतभाऊ मलेशियात असतो. त्यानं दिलेल्या राखाडी-चंदेरी पेल्याखाली ‘प्यूटर’ असं लिहिलंय. हा धातू घरच्या गॅसवरसुद्धा वितळतो म्हणे. मला लहान गणपती आणि गळ्यातली पदकं ओतायची आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात तसाच दिसणारा माल किलोवर मिळतो. तो प्यूटरच आहे हे कसं ओळखावं?” — एक वाचक, धाराशिव

आधी त्या पेल्याविषयी. तो ओतू नका. मलेशियात कथिलाच्या मोठ्या खाणी होत्या आणि त्यांच्या जोरावर तिथे प्यूटरची कारागिरी वाढली. ‘रॉयल सेलांगोर’ हा तिथला नावाजलेला कारखाना १८८५ पासून हेच काम करतो. अशा कारखान्याचा शिक्का असलेल्या धड पेल्याला धातूच्या वजनापेक्षा जास्त किंमत येते. शिवाय तुम्हाला त्याचा दुसरा उपयोग आहे. ओळख पटलेला नमुना म्हणून तो जवळ ठेवा. त्याचा रंग, हातात घेतल्यावर लागणारे वजन, टिचकी मारल्यावर येणारा आवाज याची सवय झाली की बाजारात निम्मा माल बघताक्षणी बाजूला काढता येईल.

आजचे चांगले प्यूटर म्हणजे शंभरात नव्वदपेक्षा जास्त कथील आणि बाकी अँटिमनी व थोडे तांबे. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, प्यूटर पूर्ण पातळ व्हायला त्याहून थोडी जास्त उष्णता लागते. म्हणजे गॅसची शेगडी पुरते, हे तुम्ही ऐकलेले खरे आहे. युरोपातल्या जुन्या प्यूटरमध्ये मात्र शिसे घालत असत. म्हणून आपल्याला दोन गोष्टी तपासायच्या आहेत: माल कथिलाचा आहे का, आणि असल्यास त्यात शिसे आहे का.

बाजारात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चुंबक चिकटला तर ती वस्तू लोखंडाची, वर मुलामा दिलेली. न चिकटणारे सगळे प्यूटर नसते, हेही लक्षात ठेवा. सगळ्यात जास्त फसवणूक अॅल्युमिनियमची होते. खेड्यात आपण ज्याला ‘जर्मन’ म्हणतो तेच हे. अमेरिकेतून येणारी ‘विल्टन आर्मेटेल’ची ताटे-वाडगे हुबेहूब प्यूटरसारखी दिसतात, पण ती अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. ती गॅसवर वितळणार नाहीत. ट्रॉफ्या, शोभेचे घोडे, फोटोच्या चौकटी, जुन्या खेळण्यातल्या मोटारी बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात. जस्त हा प्यूटरचा वैरी आहे. त्याचा थोडा अंश जरी मुशीत गेला तरी रस जाड होतो, वर मळी धरते आणि साच्यातल्या बारीक नक्षीत तो उतरत नाही. एक चुकीची वस्तू सगळा घाणा बिघडवते.

खात्री करायची सर्वांत चांगली रीत घरच्या डिजिटल काट्यावर होते. आधी वस्तूचे कोरडे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी धरा. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्या वस्तूचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. समजा वस्तू ३६५ ग्रॅमची आहे आणि पाण्यात धरल्यावर काटा ५० दाखवतो. भागाकार ७.३ येतो, म्हणजे ती पाण्याच्या ७.३ पट जड आहे. कथिलाचा आकडा हाच. अॅल्युमिनियमचा आकडा २.७ च्या आसपास येतो, तिथे शंकेला जागाच राहत नाही. ओतीव जस्ताचा ६.६ ते ६.७ येतो. शिसे ११.३ पट जड असल्याने ते मिसळलेले असेल तर आकडा वर चढतो. पाचवा हिस्सा शिसे असेल तर साधारण ७.८, चाळीस टक्के असेल तर साडेआठ. वस्तू पोकळ असेल आणि आत हवा अडकली असेल तर आकडा खोटा येतो. म्हणून तोंड वर करून, बुडबुडे काढून बुडवा. तळाशी वाळू, लाख किंवा सिमेंट भरलेल्या शोभेच्या वस्तूंना ही रीत लागू नाही. त्या घेऊच नका.

शुद्ध जस्त ७.१ पट जड, म्हणजे कथिलाच्या अगदी जवळ. तिथे काटा पुरत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तापमान ठरवता येणारी सोल्डरिंगची कांडी असते. ती साडेतीनशे अंशांच्या आत ठेवून वस्तूच्या पातळ कडेला आतल्या बाजूने टेकवा. प्यूटर तिथे लगेच पाझरते. जस्त ४२० अंशांना वितळते आणि त्याचा ओतीव मिश्रधातूही ३८० च्या खाली पातळ होत नाही. शेवटी शिशासाठी पांढऱ्या कागदावर घासून बघा. शिशाची वस्तू पेन्सिलीसारखी करडी रेघ ओढते. रेघ ठळक आणि आकडा साडेसातच्या वर असेल तर तो माल गळ्यातल्या पदकासाठी, पेल्या-वाटीसाठी किंवा लहान मुलाच्या हाती जाणाऱ्या कशासाठीही वापरू नये. वितळवून शिसे निघून जात नाही.

आता एक छुपा माल सांगतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे ब्रिटिश काळातल्या, चांदीचा मुलामा उडालेल्या किटल्या आणि साखरदाण्या दिसतात. बुडावर इंग्रजी ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे असतील तर आतला धातू जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. तो आपल्या कामाचा नाही. पण ‘ई.पी.बी.एम.’ असेल तर मुलाम्याखाली ब्रिटानिया मेटल आहे, म्हणजे प्यूटरचाच बिनशिशाचा सख्खा भाऊ. विकणाऱ्याला हा फरक बहुधा ठाऊक नसतो. आपल्या मातीतल्या माणसाशी या धातूचे एक नाते आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळाले. त्या काळची ऑस्करची बाहुली ब्रिटानिया मेटलची ओतून तिच्यावर सोन्याचा मुलामा देत. भारताला मिळालेले पहिले ऑस्कर आतून कथिलाचे होते.

किमतीत दोन्ही बाजूंनी फसगत होते. कोणी ‘चांदीसारखे’ म्हणून भाव चढवतो, कोणी ‘जर्मन’ समजून स्वस्तात देतो. तुलनेला एवढे पुरे: कथील तांब्याहून महाग आणि शिशापेक्षा कितीतरी पटींनी महाग असते. ओतायला घेताना पोचा पडलेली, कान तुटलेली, नाव-शिक्का नसलेली वस्तूच निवडा. सुबक जुनी वस्तू दिसली तर ती ओळखणाऱ्याकडे जाऊ द्या.

ओतताना लोखंडी पळी वेगळी ठेवा, ती पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. रस तयार झाला का हे बघायला कोऱ्या कागदाची पट्टी क्षणभर बुडवा. तांबूस झाली तर ओता, जळू लागली तर आच कमी करा. सगळ्यात मोठा धोका पाण्याचा आहे. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट फुगते. प्लास्टरचा साचा आतून ओलसर राहिला, किंवा ओल धरलेला तुकडा तापलेल्या रसात टाकला, तर रस तोंडावर उडतो. साचा उन्हात वाळवून मग भट्टीत किंवा ओव्हनमध्ये तापवून घ्या. नवा तुकडा टाकण्याआधी पळीच्या कडेवर गरम होऊ द्या. डोळ्यांना चष्मा आणि पायात बंद बूट हवेत. चपलेवर हे काम करू नये.

“भंगारवाला ‘कथलाच्या कांड्या’ म्हणून स्वस्तात देतोय. बॅटरीतलं शिसंही आहे म्हणतो. दोन्ही घेऊ का?” — कळंब

बॅटरीतले शिसे घेऊ नका. त्यात गंधकाम्ल मुरलेले असते, अँटिमनी आणि कधी आर्सेनिकही असते. ते घरी वितळवताना उठणारी धूळ अंगणात, कपड्यांत आणि लेकरांच्या हातांवर बसते. शिशाचा त्रास लगेच दिसत नाही, म्हणून लोक धीट होतात. जुन्या बॅटऱ्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हव्यात, तसा २०२२ चा बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहे. चाकाच्या बॅलन्सिंगला लावतात ती वजनेही तशीच. त्यांत शिसे, जस्त आणि लोखंड यांची सरमिसळ असते.

कांड्यांचे मात्र तपासता येईल. शुद्ध कथिलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून कुरकुर ऐकू येते. वाकताना धातूच्या स्फटिकांची रचना झटक्यात बदलते त्याचा तो आवाज. शिसे मुकाट वाकते. शिसे-कथिलाच्या डाग देण्याच्या कांडीतही हा आवाज फार मंदावतो. भंगारात ‘कथील’ म्हणून येतो तो माल बहुधा हाच असतो. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असलेली कांडी १८३ अंशांनाच मऊ होऊ लागते आणि काट्यावर तिचा आकडा साडेआठ येतो. बाजारभावापेक्षा फार स्वस्त कथील कुणी देत नाही. आपल्या देशात कथिलाचे खनिज मिळण्याजोगे ठिकाण म्हणजे छत्तीसगडचा बस्तर-दंतेवाडा भाग. बाकी बहुतेक कथील बाहेरूनच येते.

“आमच्या शेतात पावसानंतर काळपट, जड, वेड्यावाकड्या गोल चकत्या सापडल्या. काहींवर हत्तीसारखं चित्र दिसतं. भंगारवाला शिशाच्या भावानं मागतोय. मी स्वतः वितळवून लहान वजनं करावीत म्हणतो. चिंचेनं घासून बघू का?” — तेर

थांबा. घासू नका, विकू नका आणि वितळवू तर मुळीच नका. तुमच्या गावाहून आलेल्या पत्रात जड काळपट चकत्या आणि हत्ती हे शब्द एकत्र वाचले की पहिली शक्यता सातवाहनांच्या नाण्यांची. सातवाहनांनी शिशाची आणि पोटीनची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचे मिश्रण. अशी नाणी तेरच्या मातीतून पूर्वीही निघाली आहेत.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे शहर म्हणून तगराचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. त्याच ग्रंथात भडोचला बाहेरून येणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तिच्यात तांबे, कथील व शिसे ही तिन्ही नावे आहेत. आज आपण जुन्या बाजारात ज्या धातूंसाठी फिरतो, ते दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून या मुलखाच्या दिशेने येत होते. तुमच्या हातातली चकती हा त्या व्यापाराचा पुरावा असू शकतो. वितळवल्यावर काही ग्रॅम हलके शिसे उरेल, त्यावरचा हत्ती आणि अक्षरे कुठल्याच साच्यातून परत येणार नाहीत.

चिंच, लिंबू, ताक यांतले आम्ल शिसे खाते. चकतीवरची पांढरट पूड शिशाचा क्षार असून ती विषारी आहे. हात लागल्यास साबणाने धुवा. चकत्या कोरड्या करा आणि एकेक वेगळी, साध्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. लाकडी पेटीत नको, काही लाकडांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून भुरभुरते. नाणी कुठल्या बांधाजवळ, किती खोलीवर, कोणत्या दिवशी सापडली ते लिहून ठेवा. अभ्यासकाला नाण्याइतकीच ही माहिती मोलाची असते. आणखी खणू नका.

कायद्याचीही बाजू आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कळवले नाही तर सापडणाऱ्याचा हक्क बुडतो आणि शिक्षाही होऊ शकते. उलट कळवणाऱ्याची बाजू या कायद्याने राखली आहे. निधीवर कुणाची जुनी मालकी सिद्ध झाली नाही तर सापडणाऱ्याला आणि जागेच्या मालकाला त्यात वाटा मिळतो. सरकारने तो निधी ठेवून घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन तो घेण्याची तरतूद आहे. शेत तुमचेच असल्याने दोन्ही नाती तुमच्याच बाजूला आहेत. तलाठी किंवा तहसील कार्यालयातून अर्ज पुढे जाईल. गावातच रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिथे एक-दोन नाण्यांची छायाचित्रे घेऊन जा आणि आधी ओळख करून घ्या. संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला जिल्ह्याबाहेरून माणसे येतात, त्यांच्यापैकी अनेकांची पावले या संग्रहालयाकडेही वळतात. तुमच्या शेतातली नाणी तिथे लागली तर ती सगळ्यांना दिसतील.

“आमच्या भजनी मंडळाचे टाळ तडकलेत. ते वितळवून नवे ओतायचे आहेत. किल्ल्यातल्या तोफा पंचधातूच्या म्हणून घंटेसारख्या वाजतात असं वडीलधारी सांगतात. टाळाच्या मुशीतही पाच धातू टाकले तर आवाज सुधारेल का?” — परांडा

वडीलधाऱ्यांनी आवाजाचे सांगितलेले बरोबर आहे, कारण मात्र वेगळे आहे. तुमच्या परांड्याच्याच किल्ल्यात एकेकाळी असलेली ‘मलिक-ए-मैदान’ घ्या. ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत रूमी या ओताऱ्याने ओतली. पुढे ती परांड्याला होती आणि १६३२ च्या सुमारास विजापूरला नेली. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. तिचा धातू साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असा आहे. म्हणजे जवळजवळ घंटेचे कांसे. पाच धातूंमुळे नव्हे, तर या कथिलामुळे ती वाजते.

या तोफेची एक गोष्ट मोडीच्या व्यवहारात उतरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १८५४ साली सातारच्या कमिशनरने विजापूरचा निरुपयोगी सरकारी माल विकून टाकण्याचा हुकूम काढला. लिलावात मलिक-ए-मैदानला सगळ्यात मोठी बोली लागली दीडशे रुपयांची. मामलेदाराला ती फार कमी वाटली. लोक या तोफेला मानतात हेही त्याने वर कळवले, आणि विक्री रद्द झाली. त्या मामलेदाराने लिहिलेल्या चार ओळींमुळे ती तोफ उरली.

आता टाळ. चांगले टाळ कांस्याचे, म्हणजे शंभरात साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील. पितळेत कथिलाच्या जागी जस्त असते, म्हणून त्याची आस लवकर मावळते. तुमचे जुने टाळ कशाचे आहेत हे आधी बघा. इथे पाण्यात वजन करून भागणार नाही, कारण कांसे आणि पितळ यांच्या जडपणात फारच थोडा फरक आहे. तडकलेल्या टाळाचा लहान तुकडा चिमट्यात धरून वाकवा. पितळ वाकते, कांसे काडकन तुटते. तुटलेल्या जागी कांसे करडे, बारीक कणांचे दिसते. पितळ आतूनही पिवळेच.

कांस्याचे असतील तर त्यात दुसरे काही न मिसळता त्यांचेच नवे टाळ करवून घ्या. कमी पडले तर फुटक्या घंटेचे, तडकलेल्या कांस्याच्या वाटीचे तुकडे मोडीतून मिळवा. पितळी तांब्या, नळाचे तुकडे, ‘पंचधातू’साठी लोखंडाचा खिळा असले काही नको. शिसे तर अजिबात नको, ते आवाज मारते. वितळवताना थोडे कथील जळून मळीत जाते, म्हणून ओतारी शेवटी चिमूटभर कथील घालतो. ते त्याच्या अंदाजावर सोडा. कांस्याला साडेआठशे-नऊशे अंशांच्या पुढची भट्टी लागते. हे घरी करण्याचे काम नाही. नवे टाळ जोडीने एकाच घाण्यातून ओतून घ्या, दोन टाळांचा सूर जुळण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

“देवाच्या लहान मूर्ती ओततो. पितळेची मोड महागली. जुने नळ, तोट्या आणि लेथवरचा पितळी चुरा स्वस्त मिळतो, चालेल का? भट्टीवर पांढरा धूर फार होतो, रात्री थंडी वाजून येते.” — तुळजापूर

आधी तुमची थंडी. पितळ नऊशे अंशांच्या पुढे नेऊन ओतावे लागते आणि जस्त ९०७ अंशांना उकळते. म्हणून रस थोडा जास्त तापला की जस्त पांढऱ्या धुरासारखे बाहेर पडते. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी तोंडात गोडसर चव, मग थंडी, ताप, अंगदुखी. दुसऱ्या दिवशी उतरते म्हणून कारागीर ती सवयीची मानतात. मानू नका. दूध पिऊन धूर उतरत नाही. भट्टी उघड्यावर किंवा धुराडे लावून ठेवा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, मुशीवर कोळशाच्या भुकटीचा थर द्या आणि रस तयार होताच ओता. दम लागत असेल तर डॉक्टरांना ‘जस्ताचा धूर’ असे स्पष्ट सांगा.

लेथवर जाणाऱ्या पितळी सळईत कापायला सोपे जावे म्हणून शिसे घातलेले असते, बहुधा शंभरात दोन-तीन भाग. नळ-तोट्यांतही ते असते. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला ते चालेल. नैवेद्याची वाटी, तीर्थाचे पात्र, पळी यांना तो माल वापरू नये. मोडीचे दोन ढीग वेगळे ठेवा आणि दुकानातही माल वेगळा ठेवा. चुरा घेताना त्यात लोखंडाचा कीस मिसळलेला असतो, चुंबक फिरवून काढा. तेल लागलेला चुरा धुऊन, पूर्ण वाळवून मगच मुशीत. चकचकीत तोट्यांवरचा क्रोम-निकेलचा मुलामा कानशीने उडवा, नाहीतर रस खरबरीत होतो. भाव ठरवताना चुऱ्याची घट जास्त धरा. मोठ्या तुकड्यापेक्षा तो फार जळतो.

“देवघरातले टाक झिजले. ते वितळवून नवे करता येतात का?” — भूम

येतात, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तसे होत आले आहे. टाक मात्र ओतीव नसतात. पातळ पत्रा ठशावर ठोकून देवाचा आकार उठवतात. वर चांदी आणि मागे तांब्याचा पत्रा असेल तर दोन्ही वेगळे करायला सोनार हवा. तुमच्यासमोर वजन करून घ्या, चांदी किती आणि तांबे किती हे पावतीवर वेगळे लिहून घ्या. तुळजाभवानी, खंडोबा, जोतिबा यांपैकी कोणते टाक कोणाचे हे आधी घरातल्या मोठ्यांकडून विचारून छायाचित्र काढून ठेवा. झिजलेला चेहरा नव्या माणसाला ओळखू येत नाही आणि कुळाची देवी बदलून बसते.

“१९९३ च्या भूकंपात घर पडलं. ढिगाऱ्यातून निघालेली आजीची पितळी पातेली, घागर, परात अजून तशीच चेपलेली आहेत. भाऊ म्हणतो वितळवून एक समई करू. मन होत नाही. तुमचं मत काय?” — एक भगिनी, सास्तूर

ताई, वितळवू नका. चेपलेले पितळ मेलेले नसते. ठोकून घडवलेल्या भांड्याचा पत्रा कडक झालेला असतो, म्हणून थेट हातोडी मारली तर तो चिरतो. चांगला तांबट आधी ते भांडे मंद लाल दिसेपर्यंत तापवून गार करतो. पत्रा मऊ झाला की आतून लाकडी किंवा लोखंडी मोगरीवर घेऊन हळूहळू गोलाई परत आणतो. चीर पडलेल्या जागी झाळ देता येते. अशी कामे करणारी माणसे कमी झाली असली तरी पुण्याच्या तांबट आळीत अजून आहेत. लातूर-सोलापूरच्या भांड्यांच्या जुन्या दुकानदारांना विचारले तर जवळचाही पत्ता मिळेल. नेण्याआधी प्रत्येक भांड्याचे छायाचित्र घ्या आणि काठावर कोरलेले नाव असेल तर ते पुसून चकचकीत करू नका, असे तांबटाला बजावा. आजीचे नाव बहुधा तिथेच असेल.

भावाच्या समईचाही मार्ग आहे. तळच गेलेले, तुकडे झालेले एखादे भांडे असेल तर ते त्याला द्या. बाकीची राहू द्या.

सरळ झालेल्या पातेल्यात आमटी-भाजी करायची असेल तर आधी कल्हई हवी. पितळेत आंबट पदार्थ कळकतो. कल्हईला शुद्ध कथील आणि नवसागर एवढेच लागते. काही जण खर्च वाचवायला शिसे मिसळलेली कांडी लावतात. कल्हईवाल्याला आधी कांडी दाखवायला सांगा, वाकवून कानाशी धरा, कागदावर ओढून बघा. कुरकुर आली आणि कागदावर ठळक रेघ उठली नाही तर पातेले त्याच्या भट्टीवर ठेवू द्या. कल्हई झाल्यावर पहिल्यांदा नुसते पाणी उकळून फेकून द्या, म्हणजे नवसागराचा उरलेला अंश निघून जाईल.